उभ्याने दिलेले उत्तर

मला शाळेत घालायला उशीर झाला. मी मॅट्रिक झालो तेव्हा तांड्यातल्या माझ्या बरोबरीच्यांना मुले झाली होती. त्यामुळे एकोणीसशे साठच्या दशकात प्राथमिक शिक्षकाच्या जागेसाठी यवतमाळहून मुलाखतीचे बोलावणे आले, तेव्हा ही संधी हुकली तर दुसरी येणार नाही, हे मला ठाऊक होते. वयाची मर्यादा अगदी जवळ आली होती.

मुलाखतीत सामान्यज्ञान विचारतात असे कळले, म्हणून उमरखेडहून एक पातळ पुस्तक आणले. त्यात अर्धी पाने थोर शोधांची होती आणि अर्धी जगातल्या प्रसिद्ध दुर्घटनांची. मोठ्याने वाचल्याखेरीज माझ्या लक्षात राहत नसे आणि तांड्यात मोठ्याने वाचलेले कुणा एकट्याचे राहत नाही. संध्याकाळी शेतातून परतलेली माणसे दाराशी टेकत. मी वाचत असे आणि आमच्या बोलीत अर्थ सांगत असे. दुर्बीण, आगकाडी, तारयंत्र त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. वाफेच्या इंजिनाचे पान निघाले की धाकटे काका मात्र बैलांना पाणी दाखवायला उठून जात. त्यांच्या वडिलांनी बैलांच्या पाठीवरून मीठ वाहिले होते. आगगाडी आली आणि ते काम संपले.

एकदा मी बर्फाच्या डोंगरावर आदळून बुडालेल्या जहाजाचे वाचले. हजाराहून अधिक माणसे बुडाली, असे सांगताच भाकरी थापणाऱ्या याडीचा, म्हणजे माझ्या आईचा, हात थांबला.

“कवा झालं हे?”

“लय वर्सं झाले, याडी. तुह्या लग्नाच्याही आंधी.”

“अन् तू खाटेवर पाय पसरून सांगून राह्यला? मेल्याची गोष्ट उभ्यानं सांगा लागते. डोक्यावरचं काढून.”

तिने तवा खाली उतरवला. घरात मरणाची वार्ता आली की चूल थंड ठेवायची, ही आमची रीत.

काका म्हणाले, “वयनी, अशानं पुस्तक संपेपर्यंत आपल्याले भाकर भेटत नाई.”

“मंग त्याले म्हणा, शोध जेवणाच्या आंधी वाच. मेल्याचं मंग.”

तेव्हापासून तसेच झाले. राखेखाली गाडलेले नगर, पेटलेले हवाई जहाज, सारे मी जेवणानंतर, टोपी हातात घेऊन, उभ्याने पाठ केले. त्या नगरासाठी एका म्हाताऱ्या बाईने ओढणी डोळ्यांना लावलेली मला आठवते.

यवतमाळला टेबलापलीकडे तिघे अधिकारी बसले होते. दुर्बिणीचे उत्तर मी दिले, पण आवाज इतका खोल गेला की ते दोनदा द्यावे लागले. मग मधल्या साहेबांनी त्या बुडालेल्या जहाजाविषयी विचारले. उत्तर मला येत होते. मी उठलो आणि टोपी काढली.

“अहो, निघालात कुठे?”

“नाही साहेब. उत्तर देतो आहे.”

कडेचे साहेब हसले. मधल्यांनी विचारले, “मग टोपी कशाला काढली?”

“त्यात माणसं गेली आहेत, साहेब.”

मी उभ्यानेच सगळे सांगितले. त्यानंतर मला प्रश्न विचारण्यात आला नाही. माझ्या आधीचे उमेदवार कितीतरी वेळ आत होते. परतीच्या एस.टी.त, नोकरी गेली, एवढेच मनात घोळत राहिले.

“काय इचारलं?” याडीने विचारले.

“जहाज.”

“उभ्यानं सांगतलं नं?”

“हो.”

“मंग जेव.”

निवड झालेल्यांच्या यादीत माझे नाव नव्हते. काही महिन्यांनी मात्र आदेश आला. निवडलेल्यांपैकी एक जण रुजू झाला नव्हता, त्याची जागा मला मिळाली होती. काकांनी गूळ आणायला माणूस पिटाळला. मी याडीला सारे समजावून सांगितले. तिने हातातला तवा चुलीवर ठेवला नाही.

“तो काहून नाई आला?” ती म्हणाली. “बरा हाये नं तो?”

मला ठाऊक नव्हते. तवा हातात धरून ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली.