मामांनी राखलेलं जाजम

जगातली निम्मी काळजी माझ्या मामांनी एकट्यानं वाहिली आहे, आणि उरलेली निम्मी दुसरं कुणी नीट वाहील याची त्यांना खात्री नाही.

हे मामा म्हणजे आईचे मावसभाऊ. माणदेशातल्या आमच्या गावी ख्रिस्ती मंडळीचं एक लहानसं दगडी देऊळ आहे. चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. दुष्काळी कामावर आलेल्या सात कुटुंबांनी दिवसभर सरकारची खडी फोडायची आणि संध्याकाळी या भिंती रचायच्या, असं करत ते उभं राहिलं म्हणतात. त्या देवळाची किल्ली, घंटा आणि काळजी, तिन्ही मामांकडे. उपासना चालवायला पाळकसाहेब लांबून एसटीनं येतात. त्यांची एसटी चुकेल म्हणून मामा शनिवार दुपारपासूनच त्यांना फोन करत सुटतात. मेणबत्त्यांपाशी काडेपेट्या तीन, कारण दोन सादळू शकतात. माणदेशात! कुणाचं बाळ बाप्तिस्म्याला आलं आणि नेमकं पाणी नसलं तर, म्हणून एक घागर कायम भरलेली. गेल्या नऊ वर्षांत एकही बाळ आलेलं नाही. तरी मामा दर शनिवारी पाणी बदलतात आणि जुनं पाणी दारातल्या कडुलिंबाला घालतात. त्यामुळे भर मे महिन्यात गावात तेवढं एक झाड हिरवंगार असतं.

घंटेची तर वेगळीच कथा. लोक उशिरा येतात म्हणून मामांनी ती अर्धा तास आधी वाजवायला सुरुवात केली. लोकही काही दूधखुळे नव्हते, ते घंटेनंतर अर्ध्या तासानं निघू लागले. मग मामांनी ती आणखी अलीकडे ओढली. आता उपासना दहाला असते आणि घंटा होते साडेआठला. शेजारच्या धनगरआळीतल्या काकू तर त्या घंटेवर भाकऱ्या थापायला बसतात. एकदा त्यांनी विचारलंच, "तुमच्या देवाचं घड्याळ लय पुढं हाय वं?" मामा गंभीरपणे म्हणाले, "ते पुढंच आसतंय, काकू. आपुनच मागं."

पण खरा जीव टांगलेला असतो तो जाजमावर. आमच्याकडे खाली जाजमावर बसायचं, आणि प्रत्येक घराची जागा ठरलेली. निम्मी माणसं मुंबईला गेली, म्हातारी मातीआड झाली. जागा मात्र मामांनी कुणाला दिल्या नाहीत. कुणी चुकून टेकला की ते कळवळून पुढे होतात. "आवं, हितं योहान बसतुय. आला तर काय म्हनंल?" योहान वीस वर्षं मुंबईत आहे.

यंदा वरून पत्र आलं. मंडळी फार लहान झाली आहे, ती कोरेगावच्या मंडळीला जोडावी काय, हे ठरवायला मोठे साहेब एका रविवारी येणार. म्हणजे शिरगणती होणार. उपासनेला भरतात अकराजण. मामांची झोप उडाली. मला सांगलीला फोन आला, "तू ये. सूनबाईला आन, पोरीला आन." लेकीचा क्लास बुडेल म्हणून मी एकटाच गेलो.

मामांनी मग सगळ्या गावाला साद घातली, आणि गाव आलं! धनगरआळी आली, पेन्शनवर आलेले सुभेदार कडक इस्त्रीत आले, काकू सुनांना घेऊन आल्या. साठेक माणसं असतील. मला वाटलं, जिंकलो.

आणि तिथंच मामांनी घात केला. ते कुणाला बसूच देईनात. "हितं नगं, काकू, ही मार्थाबाईची जागा. सुभेदार, तितं न्हाई, ते योहानचं घर." साठ माणसं भिंतीला चिकटून उभी राहिली, आणि मधल्या जाजमावर ते अकराजण आणि मी, इथे एक, तिथे दोन. साहेब दारातच थबकले.

"हे सगळे उभे का?"

मामांना खोटं बोलता येत नाही, काळजीत तर मुळीच नाही. "ही पाव्हणी हायती, साहेब. मंडळी बसलीया."

"कुठं बसलीय?"

मामा जाजमावरून अनवाणी चालत जागा दाखवू लागले. "हितं शिमोन मास्तर. निम्म्या गावाला बाराखडी त्येंनीच शिकवली."

"व्हय, मलाबी," भिंतीजवळून सुभेदार म्हणाले. "लय मारायचे."

"हितं मार्थाबाई. समदी बाळतपणं तिच्याच हातची." काकूंनी डोळ्यांना पदर लावला. असं करत करत मामा माझ्यापाशी आले. "ह्यो माझा भाचा. सांगलीला आसतुय." मग माझ्या शेजारच्या वीतभर जागेकडे बोट दाखवून म्हणाले, "ही ह्याच्या लेकीची. ती आजून आली न्हाई."

माझी मान खाली गेली. लेकीचा बाप्तिस्मा आम्ही सांगलीलाच उरकला होता, सोयीचं पडतं म्हणून. ती आता नऊ वर्षांची आहे. घागर कुणासाठी भरायला घेतली होती, ते मला त्या दिवशी कळलं आणि फार लाज वाटली.

साहेबांनी डोकी मोजली नाहीत. ते स्वतःही भिंतीपाशी उभे राहिले. पत्र आलं ते मात्र नियमाप्रमाणेच: मंडळी कोरेगावला जोडली, इथे महिन्यातून एकदाच उपासना. मामा रडले नाहीत, त्यांना तेवढी सवडच कुठं? त्यांना नवीन घोर लागला आहे. "म्हैन्यातनं एकच रविवार म्हनल्यावर समदी एकाच दिवशी आली, तर जागा पुरंल का रं?"

पुरेल, असं मी फोनवर म्हणतो. पुढच्या महिन्यात लेकीला घेऊन येतो, असंही म्हणतो. गेले चार महिने म्हणतो आहे, आणि मामा दर वेळी नव्यानं विचारतात, एसटी कुठली धरणार, पोरीला गाडी लागते का, खिडकीपाशी बसवशील ना. ती वीतभर जागा आता तिला पुरायची नाही, हे मात्र मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.