माधवीची चित्रं, सरांचं व्याख्यान

आज गुरुवार. अर्ध्या दिवसाची रजा टाकून माधवीच्या पीएच.डी.च्या गाइड सरांचं व्याख्यान ऐकायला गेलो. माधवी माझी बायको. तिला जाऊन आठ महिने झाले.

दोन वायूंच्या सीमेवर धक्क्याची लाट आदळली की ते एकमेकांत कसे मिसळतात, हे ती संगणकावर गणितानं काढायची. त्यासाठी जागेचे बारीक चौकोन पाडतात आणि आलेल्या उत्तरांची चित्रं काढतात. आजारपणात ती मला म्हणाली होती, "शेवटची चित्रं चुकली आहेत. चौकोन लहान केले तरी उत्तर तेच यायला हवं, पण ते बदलतंय."

ती गेल्यावर चौदाव्या दिवशी सर तिच्या फाइल्स न्यायला घरी आले. मी हे सांगायला लागलो, तर म्हणाले, "अहो, ते तुम्हाला नाही कळायचं." मी फाइल्स काढून दिल्या.

आज पडद्यावर तीच चित्रं होती. नाव फक्त सरांचं.

बाहेरून आलेल्या एका प्राध्यापक बाईंनी विचारलं, "चौकोन निम्मे करून पाहिलेत?"

"साधारण तेच येतं," सर म्हणाले.

"साधारण नको, आकृती दाखवा. हे मिश्रण वायूंचं आहे की तुमच्या चौकोनांचं?"

सभागृह हसलं. सर पाणी प्यायले. नंतर दारात मला पाहून म्हणाले, "तुम्हाला माहीत होतं?"

"मला कुठलं कळतंय, सर."

मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण ती चूक सगळ्यांत आधी माधवीनं पकडली होती, हे तिथे कुणालाच कळलं नाही. मी उठून सांगायला हवं होतं का?

कर्वेनगरला घरी आलो. एकट्यापुरता भात लावला, जेवलो आणि ताट घासून ठेवलं.