जळगावचा गोल्फ आणि फलकावरचा सातवा नियम

जळगावला गोल्फ खेळायला जाते म्हटल्यावर घरच्यांनी मला वेड्यात काढलं. केळीच्या बागा बघ, सोनं घे, पण गोल्फ? माझं डोकं आधीच फिरलेलं होतं. नाशिकच्या क्लबात पाच वर्षं खेळूनही मला शिकाऊ बायकांच्या गटात ढकलतात. जळगावच्या नऊ होलच्या मैदानावर खुली स्पर्धा आहे आणि तिथे असले गट नाहीत, हे कळलं आणि सातशे रुपये भरून मोकळी झाले.

फेब्रुवारीतल्या शनिवारी सकाळी सहाला गाडी काढली. महामार्ग चांगला आहे, टोलची तयारी ठेवा. धुळ्यात शेवभाजी खाल्ली, रस्सा असा जहाल की कान तापले. मग पारोळा, एरंडोल करत दीडपर्यंत जळगाव. लॉज बाराशे रुपये, स्वच्छ. रात्री भरीत आणि कळण्याची भाकरी. निदान या भरितासाठी तरी जाच.

मैदान चोपड्याच्या रस्त्याला आहे. हिरवळ वगैरे विसरा. काळी माती, मधून गवताचे पट्टे, त्यांना पाणी द्यायला ठिबकच्या नळ्या, आणि होलभोवती तेल टाकून चोपलेली वाळू. सुरुवातीलाच स्थानिक नियमांचा फलक आहे. चेंडू जमिनीच्या भेगेत गेला तर दंड नाही. शेजारच्या कपाशीत गेला तर गेला, शोधायला जायचं नाही. मला इतकं हसू आलं की फोटो काढला आणि खालचे नियम न वाचताच पुढे झाले. हा मूर्खपणा माझा.

माझ्या जोडीला नाना होते. साठीला आलेले, हे मैदान राखणारे. नळ्या त्यांनीच अंथरलेल्या, वाळू रोज तेच चोपतात. पण कर्मचाऱ्यांना इथे खेळायला बंदी, फक्त या एका स्पर्धेत मुभा. पहिल्या तिघांना मात्र वर्षभर रविवारी खेळायचा पास मिळतो, मग तो कोणी का असेना. नाना सहा वर्षं त्या पासासाठी खेळताहेत. पद्धतीप्रमाणे त्यांचे फटके मी लिहीत होते, माझे ते.

आणि काय खेळतात हो हा माणूस! कोणीतरी टाकून दिलेल्या काठ्या, पण चेंडू सरळ. आठव्या होलवर त्यांच्या चेंडूपासून चांगल्या दहा पावलांवर एक नळी फुटून कारंजं उडत होतं. नाना खेळ सोडून तिकडे गेले, खिशातून जोड काढला आणि नळी जोडून आले. मी विचारलं, आत्ताच कशाला? म्हणाले, "पानी वाया जाई राह्यनं ना, ताई."

शेवटी फटके मोजले तर नाना तिसरे, मी एक फटका जास्त लागून चौथी. मला खरंच आनंद झाला. कार्ड देताना मी स्पर्धा समितीच्या अध्यक्षांना कौतुकाने नळीचा किस्सा सांगितला. त्यांनी शांतपणे फलकावरचा सातवा नियम दाखवला: खेळताना ठिबकच्या नळीला हातपाय लावल्यास दोन फटके दंड. नाना चौथे झाले. तिसरी मी.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. नळी खेळाच्या आड नव्हती, फायदा काही घेतला नव्हता. अध्यक्ष म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा. तेव्हा मला आठवलं की तिसऱ्या होलवर चेंडूला टेकलेली नळी मी बिनधास्त पायाने सरकवली होती आणि नाना शेजारीच उभे होते. म्हटलं, मग मलाही दोन लावा. म्हणजे नाना पुन्हा तिसरे होणार होते.

अध्यक्षांनी नानांना विचारलं. नानांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मी काही देखं नही, साहेब."

मी स्वतः कबूल करतेय म्हणून मोठ्याने भांडले. साक्षीदार नाही म्हणे, आणि तुम्ही पाहुण्या, जाऊ द्या. सारखा नियम तो हाच. बाहेर येऊन मी नानांवरच ओरडले. ते काठ्या बांधत म्हणाले, "आपला घर उनेल पाहुनाले दंड नही लावतस, ताई."

परत येऊन आठवडा झाला, राग उतरलेला नाही. समितीवर आहे, माझ्या भोचक जिभेवर आहे, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त नानांवर आहे. कोणी मागितला होता असला पाहुणचार? पास त्यांच्या नावे करा म्हणून फोन केला, तर तो दुसऱ्याला देता येत नाही, तसाही नियम आहे. तुम्ही जाणार असाल तर जा, मैदान मजेचं आहे, फलक मात्र शेवटपर्यंत वाचा. आज रविवार आहे. पास माझ्या टेबलावर पडलाय, मी नाशिकला आहे, आणि नाना तिकडे दुसऱ्यांसाठी वाळू चोपत असतील.