बाईंची इस्त्री

जुन्या वस्तूंच्या त्या दुकानात बाईंच्या परवानगीशिवाय रुमालसुद्धा मांडणीवर जात नसे. दुकान धर्मादाय होतं. लोकांनी दिलेल्या वस्तू विकून येणारे पैसे गावातल्या रुग्णालयाला जात. मागच्या खोलीत खोकी उघडायची, चांगलं-वाईट निवडायचं आणि किमतीच्या चिठ्ठ्या लावायच्या, हे बाईंचं काम. त्याआधी अठ्ठावीस वर्षं त्यांनी लाँड्रीत इस्त्री केली होती, त्यामुळे कापड नुसतं चिमटीत धरलं की त्यांना त्याची जात कळायची.

बाईंचा जीव दोन प्रकारच्या माणसांनी नकोसा केला होता. एक, देणारे. एका पायाचा बूट, काटे नसलेलं घड्याळ, ओली उशी. "अहो, हे दान आहे की कचरा?" असं त्या रिकाम्या खोलीला विचारत. आणि दुसरे, घेणारे. त्यांतले सर्वांत चिवट निम्मेकाका. हे जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेले, एकटे राहणारे गृहस्थ. खरं आडनाव कुणालाच आठवत नसे, कारण चिठ्ठीवर काहीही लिहिलेलं असो, काका चष्मा कपाळावर सरकवून म्हणत, "निम्म्यात द्या." शनिवारी दुकान उघडायच्या आधी दारात पहिले तेच.

"काका, पैसे रुग्णालयाला जातात."

"मग मी आजारी पडलो की वळते करून घेतील. निम्म्यात द्या."

बाई कपाळाला हात लावत आणि पाचदहा टक्के सोडून मोकळ्या होत.

त्या आठवड्यात बाईंना ताप आला आणि त्या चार दिवस रजेवर होत्या. पाचव्या दिवशी बरं वाटलं, म्हणून त्यांनी पलंगाखालचं खोकं ओढायला हात घातला, तर तिथे नुसती फरशी. त्या खोक्यात त्यांची लाँड्रीतली इस्त्री होती. जुनी, जड, विजेची, शिसवी मुठीची. लाँड्री बंद झाली तेव्हा मालकाने तीच त्यांच्या हातात ठेवली होती.

"पलंगाखालचं खोकं कुठंय रे?"

मुलगा मोबाईलमधून मान वर न करता म्हणाला, "ते? तुमच्या दुकानाची गाडी आली होती ना परवा. म्हटलं, खोकी पडूनच आहेत, घेऊन जा. आई, तू तरी किती अडगळ जमवतेस!"

 अंगात अजून कणकण होती तरी बाई तडक दुकानात गेल्या. त्यांच्या जागी बसलेल्या नव्या मुलीने वही पाहिली आणि आनंदाने सांगितलं, "इस्त्री ना? कालच गेली. ते काका आले होते, मी निम्म्यात देऊन टाकली. उगाच कशाला वाद!"

निम्मेकाकांचं घर दोन गल्ल्यांपलीकडे होतं. दार उघडलं तेव्हा बाईंना आपलंच दुकान समोर दिसलं. स्वतः लावलेल्या चिठ्ठ्या अजून तशाच. तीन दिवे, एकाचीही तार धड नाही. सहा छत्र्या. टेबलावर जमिनीचे जुने नकाशे पसरलेले आणि ते गुंडाळले जाऊ नयेत म्हणून त्यांवर ठेवलेली ती इस्त्री.

"काका, ती माझी आहे. चुकून गेली. तुम्ही दिलेत ते पैसे घ्या आणि द्या."

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "दुप्पट."

"काय?"

"सौदा सौदा असतो, बाई. असं वजन नकाशाला शोधून सापडत नाही."

"तुम्हाला लाज वाटते का हो थोडी तरी?"

"सहा वर्षं तुम्ही मला पाचदहा टक्क्यांवर बोळवलंत. तेव्हा विचारलंत का?"

बाई रागाने पर्स उघडायला लागल्या आणि त्यांची नजर काकांच्या शर्टावर गेली. अस्सल लिनन. त्यांनी स्वतःच निवडून वेगळा ठेवलेला. त्याचा काकांनी पार बोळा केला होता. खुर्चीवर तसल्याच शर्टांचा ढीग पडलेला.

"हे असं घालता? लिनन? त्यापेक्षा गोणपाट नेसा!"

"मला इस्त्री येत नाही," काका पहिल्यांदाच खालच्या आवाजात म्हणाले. "आमची ही होती ना, तेव्हा ती करायची."

बाईंनी मोठा श्वास घेतला. मग नकाशे बाजूला सारले, टेबलावर चादर टाकली आणि इस्त्रीची पिन भिंतीत खुपसली. आधी कॉलर, मग बाह्या, मग पाठ. पाणी शिंपडायला भांडं मागितलं, तर काकांनी फुटक्या कानाचा कप आणला. त्यावरूनही बाई बोलल्या. नऊ शर्ट झाले. काका हँगर धरून उभे होते. दहावा पुढे केला तेव्हा बाई म्हणाल्या, "आता पुरे. गार झाली की मी घेऊन जाणार." काकांनी पैशांचं नाव काढलं नाही. एका पिशवीत इस्त्री घालून दिली आणि पिशवी परत करा म्हणून बजावलं.

घरी दाराशी मुलाने पिशवी हातातून घेतली आणि खांदा एकदम खाली गेला.

"बाप रे, आई! हे एवढं जड तू रोज उचलायचीस?"

"नऊ तास."

बाई पायऱ्यांवर टेकल्या. आता तरी पोराच्या डोक्यात काही शिरेल, असं त्यांना क्षणभर वाटलं.

मुलगा विचारात पडला. "मग तर हे कधीच द्यायला हवं होतं की गं," तो म्हणाला. "तुझा खांदा दुखतो तो यानेच!"

बाईंनी पिशवी त्याच्या हातातून ओढून घेतली आणि स्वतःच आत नेली.