सदूभाऊचा चिरूट

तंबाखूच्या दुकानात किस्से कसे साठत जातात, ते दुकानदारालाही कळत नाही. गिऱ्हाईक चिमूटभर तंबाखू मागतं, चिलीम पेटेपर्यंत टेकतं आणि उठताना घरातलं काहीतरी सांगून जातं. माझं दुकान अमरावतीच्या कापूस बाजाराच्या तोंडाशी होतं. अमेरिकेत लढाई जुंपली, विलायतेच्या गिरण्या आमच्या कापसाची वाट पाहू लागल्या, त्या चार-पाच हंगामांत तर रोज एक नवा किस्सा. बरेचसे विसरलो. सदूभाऊच्या चिरुटाचे मात्र अजून लक्षात आहेत.

*

आधी त्या दिवसांची तऱ्हा सांगतो. कापूस म्हणून काहीही खपत होतं. परतवाड्याच्या एका गृहस्थाने जावयासाठी भरून ठेवलेली नवी गादी उसवली आणि आतला कापूस बाजारात आणला. दिवाळसणाला जावई आला, तर सासऱ्याने घोंगडी अंथरली. जावई बिचारा घोंगडीवरच झोपला. सकाळी निघताना मात्र त्याने उशी काखेत मारली आणि थेट बाजार गाठला!

*

अशा बाजारात दर्यापूरकडच्या सदूभाऊचा कापूस परत आला.

परत करणारा एकच. एका विलायती पेढीचा एजंट साहेब गोदामापुढे वेताच्या खुर्चीत बसायचा, तोंडात चिरूट असायचा, आणि माल स्वतः पाहिल्याशिवाय घ्यायचा नाही. त्याने सदूभाऊच्या गाडीत हात घातला, मूठभर कापूस काढला, त्यातला वाळका पाला वेचून जमिनीवर टाकला. दुभाष्याने साहेबाचं म्हणणं मोठ्याने सांगितलं, की साहेबांना कापूस हवा आहे, केरसुणीखालचा कचरा नको. सगळा बाजार हसला.

पलीकडच्या व्यापाऱ्याने तोच कापूस डोळे मिटून घेतला असता, आणि घेतलाही. पण बाजाराचं ते हसू सदूभाऊच्या जिव्हारी लागलं होतं. तो साहेबाच्या खुर्चीपुढे जाऊन उभा राहिला.

"ज्या दिवशी हा साहेब माह्या कापसाले अव्वल म्हणन," तो दुभाष्याला म्हणाला, "त्या दिवशी याच्यासमोर बसून मी असाच चिरूट ओढीन. सांग त्याले."

दुभाष्याने सांगितलं की नाही, कोण जाणे. बाजाराने मात्र ऐकलं होतं. सदूभाऊने तोवर जन्मात सुपारीही खाल्ली नव्हती.

*

पुढच्या हंगामात मी तंबाखूची पानं पाहायला दर्यापूरकडे गेलो होतो, तेव्हा वाटेत त्याच्या शेतावर थांबलो. दव वाळल्याशिवाय वेचणी नाही, डागी बोंड वेगळ्या ओटीत, खाली पडलेला कापूस उचलायचा नाही, असे त्याची बायको गिरजावहिनी हिचे कायदे होते. मी पोहोचलो तेव्हा सदूभाऊ एका मोठ्या ढिगापुढे मांडी घालून बसला होता. सकाळी वहिनीला त्यात पाल्याचा एक तुकडा सापडला होता, म्हणून आख्खा ढीग पुन्हा निवडायचा हुकूम झाला होता.

तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "बापू, साहेब परवडला."

त्या वर्षी साहेबाने कापूस हातात घेऊन पाहिला, मान हलवली आणि 'मध्यम' म्हटलं. सदूभाऊ गाडी वळवून गेला. घरी जाऊन त्याने बी बदललं.

*

दुसऱ्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास तो दुकानात आला. शेत पांढरंशुभ्र फुटलं होतं. या खेपेला माल पास होणार याची त्याला खात्री होती, चिंता वेगळीच होती. बोलून बसलेला चिरूट ओढायचा कसा? साहेबासमोर ठसका लागला तर दोन वर्षं पाण्यात आणि बाजाराला हसायला नवं निमित्त.

"मले असा दे बापू, का छातीत नाई बसला पायजे," तो म्हणाला.

मी हो म्हणून बसलो. माझ्याकडे मद्रासेकडचे काळे, जाड चिरूट होते. ते कसे लागतात हे मला ठाऊक नव्हतं, कारण तंबाखू विकणाऱ्याने तंबाखूची सवय लावून घेऊ नये, असा आमच्या घरचा नेम. पण दुसऱ्याला द्यायचा तर आधी आपण पाहायला हवा. दुपारी दुकानामागे जाऊन एक पेटवला. तिसऱ्या झुरक्याला समोरचं कडुनिंबाचं झाड जागचं हललं. बायको धावत आली, डोक्यावर तांब्याभर पाणी ओतलं आणि विचारू लागली, काय चावलं?

*

मग मी अकोल्याची वाट धरली. तिथे जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या काठाजवळ करीममामूंची तंबाखूची मोठी वखार होती. मला वाटलं, मामू माल दाखवतील. मामूंनी आधी माणसाची चौकशी सुरू केली. जेवतो किती, बोलतो भरभर की सावकाश, रागीट आहे का? मी म्हटलं, राग आहे, पण तो दोन वर्षं सांभाळून ठेवलाय.

मामू विचारात पडले. "गुस्सेवाला आदमी धुआँ निगल जाता है, बापू."

मग त्यांनी एकेक पेटी उघडली. वरचं पान जितकं फिकट तितका चिरूट सौम्य असतोच असं नाही, आतलं पानही जुनं आणि मुरलेलं लागतं, हे त्यांनी मला मोडून दाखवलं. बोटांत दाबला तर किंचित दबला पाहिजे, कुरकुरला नाही पाहिजे. बारीक नको, तो फार तापतो. उपाशीपोटी ओढायचा नाही, आणि धूर तोंडातच खेळवून सोडून द्यायचा. खिचडी खाऊ घालून त्यांनी एक मलाच ओढायला लावला. झाड हललं नाही. तसले दोन मी केळीच्या पानात बांधून आणले, एक सरावाला आणि एक त्या दिवसाला.

*

सदूभाऊने सरावाचा चिरूट परत केला.

"आधीच ओढला, तं साहेबासमोरचा दुसरा होईल. मी पहिला ओढीन म्हणून बोललो हावो."

तो असं बोलला नव्हता, पण वाद कोण घालणार? मग त्याने एरंडाच्या पोकळ देठावर सराव केला. वेचणी संपेपर्यंत तो देठ तोंडात धरून, गाल आत ओढून फिरायचा. गावाला वाटलं, दाढ दुखतेय. तीन घरांतून लवंगा आल्या.

*

गाडी बाजारात आली तेव्हा गिरजावहिनीही बरोबर होती, कापसाच्या बोऱ्यांवर बसून. साहेबाने कोपरापर्यंत हात घातला, एकदा नाही, तीन ठिकाणी. मूठ उघडून कापूस उन्हात धरला, धागा ओढून पाहिला. मग एकच शब्द बोलला.

"अव्वल," दुभाषी म्हणाला.

सदूभाऊने गाडीवरचा एक बोरा उतरवला, साहेबाच्या खुर्चीसमोर ठेवला आणि त्यावर बसला. त्याने चिरूट तोंडात धरला, मी चिमट्यात निखारा पुढे केला. त्याने सावकाश ओढला, धूर तोंडात खेळवला, सोडला. ठसका नाही. बाजारात कोणी हललं नाही. दुसरा झुरका, तिसरा. साहेब चिरूट हातात धरून बघत राहिला.

मग सदूभाऊ उठला, गाडीपाशी गेला आणि जळता चिरूट बायकोपुढे धरला.

"घे. निम्मा कापूस तुह्या हातचा हाय."

तिने डोक्यावरचा पदर सारखा केला, चिरूट घेतला आणि ओढू लागली. घाई नाही, खोकला नाही. बोटाला चटका बसायच्या बेतात येईपर्यंत तिने तो ओढला.

साहेब दुभाष्याला काहीतरी म्हणाला. दुभाषी गाडीजवळ आला आणि अदबीने विचारू लागला, बाई, साहेब विचारतात, चिरूट कसा वाटला?

गिरजावहिनीने थोटूक उलटसुलट करून पाहिलं.

"फिक्का हाय," ती म्हणाली.