पाळण्याला मोटारीनं जावं की बसनं?

प्रिय इरा आणि अन्वय,

गेल्या रविवारी सकाळी नाशिकच्या बसस्टँडबाहेर तुमच्या दिनूआजोबांनी आपल्या नव्या मोटारीची काच खाली केली आणि मला म्हणाले, "ताई, हट्ट सोड. पाळणा तुझ्यासाठी थांबायचा नाही."

मी म्हटलं, "तू टाकी भरलीस ना? मग नीघ."

दिनू माझा धाकटा भाऊ. त्याच्या समीरला मुलगी झाली. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून बारसं सुनेच्या माहेरी, देवळ्याजवळच्या मळ्यात होतं. बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा. समीरला बहीण नाही, म्हणून तो मान त्याच्या आत्याकडे, म्हणजे माझ्याकडे आला. समीरचं नावही मीच ठेवलं होतं. एका घरात दोन पिढ्यांची नावं ठेवणारी आत्या मी तरी दुसरी पाहिलेली नाही. पाळणा दुपारी बाराचा ठरला होता आणि सुनेच्या आजीनं निरोप दिला होता की वेळ पुढेमागे होणार नाही. आत्या पोचली नाही, तर मावशी नाव सांगेल.

अशा दिवशी बस कशाला, असं सगळ्यांनीच विचारलं. इरा, कारण तू. शाळेसाठी तू मला विचारलं होतंस, इंधन कशात कमी लागतं आणि सोय कशात जास्त, मोटारीत की बसमध्ये? मी सारी नोकरी पदार्थविज्ञान शिकवण्यात घालवली. प्रश्नाचं उत्तर नुसतं मनानं देणं मला जमत नाही. म्हणून एकच रस्ता, एकच सकाळ, दिनू आणि माझी भावजय शैला मोटारीत, आणि मी लाल बसमध्ये.

सटाण्याची बस गच्च भरली होती. माझ्या शेजारी शेवंताबाई नावाच्या देवळ्याकडच्या बाई होत्या. नाशिकला लेकीकडून परत निघाल्या होत्या आणि मांडीवर दुरुस्त केलेला मिक्सर बाळासारखा धरून बसल्या होत्या. भाऊ मोटारीत आणि बहीण बसमध्ये, हे ऐकल्यावर त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि आमचं भांडण झालं आहे का, अशी हळूच चौकशी केली. मी प्रयोग समजावून सांगितला. त्या म्हणाल्या, "म्हंजे भांडनच हाय, पन शिकलेल्या मान्सांचं."

पिंपळगाव मागे पडलं तशा द्राक्षबागा लागल्या. वडाळीभोईला डावीकडे धोडपचा किल्ला दिसला. त्याच्या कड्याला मधोमध खाच आहे, कुणी सुरीनं वडी कापावी तशी. बस थांबली तेव्हा चालकाला मी विचारलं, लिटरला किती किलोमीटर पडतात. चार, कधी थोडे जास्त, घाट असला की कमी, असं ते म्हणाले आणि मी विकत घेणार आहे का, असंही विचारलं.

आता हिशेब पाहा. देवळा साधारण ऐंशी किलोमीटर. दिनूची मोटार लिटरला सोळा किलोमीटर जाते, म्हणजे पाच लिटर लागले. माणसं दोन, माणशी अडीच लिटर. बसला वीस लिटर लागले, पण आत पन्नास माणसं होती. माणशी अर्ध्या लिटरहूनही कमी. मी खुशीत शेवंताबाईंना हे सांगितलं. त्यांनी बसभर नजर फिरवली आणि म्हणाल्या, "दुपारच्या गाडीला या. आठ मान्सं असत्यात." मी लगेच भागाकार केला. आठच माणसं असली तर बसलाही माणशी अडीच लिटरच लागतात, अगदी दिनूच्या मोटारीइतके. बस काही जन्मतः काटकसरी नसते, तिच्यात भरलेली माणसं तिला काटकसरी करतात. इरा, हे वाक्य तुझ्या वहीत जरूर लिही.

सोग्रस फाट्याहून बस देवळ्याकडे वळली आणि बारीच्या (डोंगरातल्या खिंडीच्या) पायथ्याशी थांबली. पुढे वाहनांची रांग होती. चढावर कांद्याची ट्रॉली आडवी झाली होती आणि रस्ताभर कांदे पसरले होते. ती उचलायला यंत्र यायचं होतं. कधी येणार, कुणालाच ठाऊक नव्हतं. मोटारसायकली तेवढ्या कडेनं निघत होत्या. अकरा वाजून गेले होते आणि पाळणा बारीपलीकडे होता. खरं सांगते, त्या वेळी मला हिशेब-बिशेब काही आठवत नव्हतं. माझ्या जागी मावशी वाकलेली दिसत होती.

आमच्या वाहक एक तरुण बाई होत्या. त्या फोनवर कुणाशी तरी बोलल्या आणि दारात उभ्या राहिल्या.

"सगळ्यांनी उतरा. तिकीट टाकू नका. पलीकडं नाशिकला जाणारी गाडी अडकलीय, तिची माणसं इकडं येतील, तुम्ही तिच्यात बसा. ती तिथूनच मागं फिरल, मी इथून फिरते."

मी थक्क झाले. इतकी साधी गोष्ट. दोन बस उलट्या दिशांनी अडकल्या, तर बस अडकू द्या, माणसं बदला. शेवंताबाईंना यात नवल काहीच नव्हतं. पावसात दरड आली की असंच करतात, म्हणाल्या.

आम्ही रांगेच्या कडेनं चढू लागलो, तर पुढेच दिनूची मोटार उभी. गारव्यासाठी इंजिन चालू, म्हणजे जागच्या जागी इंधन जळत होतं. त्यानं काच खाली केली.

"ताई, या वयात घाट चढतेस? आत बस. अर्ध्या तासात रस्ता मोकळा होईल."

"आणि नाही झाला तर?"

मागेपुढे गाड्या होत्या, त्याला वळताही येईना, आणि नवी मोटार रस्त्यात सोडून तो निघणार कसा? तेवढ्यात पलीकडचं दार उघडलं. शैला चांदीची वाटी आणि बाळाची अंगडी असलेली पिशवी घेऊन उतरली.

"वन्सं, थांबा, मी येते. हे बसू देत मोटार राखत."

समोरून पलीकडच्या बसची माणसं उतरत होती. गाठोडी, पिशव्या, एक नवी सायकल. कांद्यांवरून पाय घसरत होता, तिथे अनोळखी माणसं हात देत होती आणि पुढच्या बसमध्ये खिडकी धरा, असं आपसांत सांगत होती. शेवंताबाईंनी मिक्सर शैलाकडे दिला, शैलाची पिशवी मी घेतली आणि शेवंताबाईंनी मला धरलं. चढ छोटाच होता, पण दोनदा थांबावं लागलं. वर बस वळून तयार होती. वाहकानं जुनी तिकिटं पाहून मान डोलावली, शैलाला तेवढं नवं तिकीट दिलं आणि घंटा दिली.

एक उणं लिहायलाच हवं, नाही तर प्रयोग खोटा ठरेल. बसनं देवळ्याच्या स्टँडपर्यंतच सोडलं. मळ्यात न्यायला समीरला गाडी घेऊन यावं लागलं. शेवंताबाई स्टँडवरच उतरल्या आणि पोरीला चांगलं नाव ठेवा, असं बजावून गेल्या.

मळ्यात पोचलो तेव्हा पाळण्याभोवती बायका जमल्या होत्या आणि मावशी पदर खोचून पुढे झाली होती. मला पाहून तीच हसून बाजूला सरली. दिनू अजून बारीतच होता. समीरनं फोनवर त्याला पाळणा दाखवला. मी वाकले, बाळाच्या कानात कुर्र केलं आणि सांगितलं, "गिरिजा." लगेच रिवाजाप्रमाणे सगळ्या बायकांनी माझ्या पाठीत धपाटे घातले. घाट चढून दुखणारी पाठ, पण एकही धपाटा मी चुकवला नाही. फोनमध्ये दिनूच्या मागे हॉर्न वाजत होते. रांग हलली होती आणि त्याला पुढे जायचं सुचत नव्हतं, कारण तो डोळे पुसत होता.

तो पोचला तेव्हा घुगऱ्या वाटून झाल्या होत्या. त्याच्यासाठी मांडे (उलट्या खापरावर भाजलेली मोठी, पातळ पुरणपोळी) झाकून ठेवले होते. त्यानं आधी नात मांडीवर घेतली आणि मग पान वाढायला सांगितलं.

परत येताना मी त्याच्याच मोटारीत बसले. संध्याकाळी मळ्यापासून बस नव्हती आणि मोटार दारात होती. सोय म्हणतात ती हीच, आणि ती मान्य करायला मला कमीपणा वाटत नाही. देवळ्याच्या फाट्यावर एक नवराबायको हात दाखवत उभी होती. अशी माणसं दिसली की दिनू एरवी वेग वाढवतो. त्या दिवशी त्यानं मोटार थांबवली आणि त्यांना विचारलं, "नाशिक का? बसा, मागे जागा आहे."

मी सरकून बसले. पाच लिटर, पाच माणसं. भागाकार सोपा होता, पण मी तो बोलून दाखवला नाही. त्या बाईंनी कुठून आलात, असं विचारलं, तेव्हा माझ्याआधी दिनूच म्हणाला, "नातीच्या बारशाहून. ही माझी बहीण. घाट चालून ओलांडला हिनं, नाव ठेवायला."

तुमची,
आजी