खिडक्यांवरचे पत्रे

जनरेटरच्या खोलीवरचे ते पत्रे दिसले की मला आमच्या सोसायटीच्या चेअरमनसाहेबांची दुपारची झोप आठवते. मशीनच्या आवाजाने ती मोडते म्हणून त्यांनी खोलीच्या दोन्ही जाळीच्या खिडक्या पत्रे ठोकून बंद करून घेतल्या. जनरेटर सांभाळणारे कदममामा तेव्हाच म्हणाले होते, "साहेब, आत धूर कोंडेल."

"मामा, तुम्ही फार घाबरता," साहेब म्हणाले. मीटिंगला बसलेले आम्ही सगळे हसलो.

परवा भरदुपारी वीज गेली. मामा जनरेटर चालू करायला गेले ते परतलेच नाहीत. मी खाली गेले, तर ते दारातच कोसळले होते. दाराबाहेरचं लाल बटण दाबून मी मशीन बंद केलं आणि वॉचमनच्या मदतीने त्यांना मोकळ्यावर ओढलं. बऱ्याच वेळाने डोळे उघडून त्यांनी विचारलं, "लिफ्टमध्ये कुणी अडकलं नाही ना?"

तेवढ्यात गॅलरीतून साहेबांनी हाक मारली, "जनरेटर का बंद केला? इथे एसी थांबलाय."

मी मान वर केली. गॅलरीतला तो सुस्त चेहरा पाहून मला रागसुद्धा आला नाही. राग यायला समोर माणूस लागतो. मी मामांचा हात धरून रिक्षाची वाट पाहत बसले.